‘योगक्षेम’ वाहतो, म्हणजे नेमकं काय करतो?

एका वाचकाने विचारलं आहे: “नवीन किराणा दुकानाच्या पाटीवर ‘योगक्षेम वाहाम्यहम’ असं लिहून घेतलंय. आमची आजी म्हणायची, ‘उद्याचा योगक्षेम तो वाहतो, आपण कशाला झुरायचं?’ योगक्षेम म्हणजे पोटापाण्याची सोय एवढंच का? आणि पाटीवरचं बरोबर आहे ना?”

पाटी दुरुस्त करावी लागेल, ते शेवटी सांगतो. आधी शब्द बघू, कारण आजींनी फार नेमकं क्रियापद वापरलं आहे.

हा शब्द ऋग्वेदापासूनचा आहे. ‘योग’ युज् धातूपासून आला, म्हणजे जुंपणं. ‘क्षेम’ क्षि धातूपासून, म्हणजे वस्ती करणं, निवांत राहणं. बैल जुंपून नवं मिळवायला निघायचं तो योग आणि मिळालेल्याच्या सोबतीने सुखाने टेकायचं ते क्षेम. पुढे शंकराचार्यांनी गीताभाष्यात याची सुटसुटीत फोड केली: जे मिळालेलं नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम.

हा फरक मला आमच्या आजीच्या फळीवर दिसायचा. तांदळाचा पितळी डबा ती कधी पुरता रिकामा होऊ द्यायची नाही. तळाशी मूठभर तरी राहिलेच पाहिजेत, नवे आले की त्यांच्यावरच ओतायचे. ‘संपले’ हा शब्द तर तिच्या तोंडून निघायचाच नाही. ‘तांदूळ वाढलेत रे’ म्हणायची, आणि आम्ही पिशवी उचलायचो. नवे येणार तो योग, तळाची मूठ ते क्षेम. आजोबांचा पगार पुरत नसे अशा महिन्यातही ती मूठ हलली नाही. तिचा देवावरचा विश्वास मला आजही त्या मुठीतच दिसतो.

तेव्हा पोटापाण्याची सोय हा अर्थ चूक नाही. ‘त्याचा योगक्षेम शिकवण्यांवर चालतो’ असं आपण सर्रास म्हणतो. पण त्यात योगच तेवढा उरतो, क्षेम गळून पडतं. मराठीने क्षेमाला तर फार मायेची जागा दिली आहे. ‘क्षेमकुशल’ आहेच, शिवाय संतांच्या भाषेत क्षेम म्हणजे आलिंगन, त्याचंच जुनं रूप ‘खेंव’. ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली’ हे ज्ञानेश्वर म्हणतात ते याच अर्थाने. सुखरूप असणं आणि कुणाच्या तरी मिठीत असणं या दोन्हींना एकच शब्द!

आता आजींचं ‘वाहतो’. गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ असा संपतो. इथे ‘ददामि’, म्हणजे देतो, असं नाही. ‘वहामि’ आहे, म्हणजे वाहून नेतो. यावर कीर्तनात एक कथा सांगतात. एका पंडिताला वाटलं, देव देईल हे ठीक, पण ओझी कशाला वाहील? त्याने ‘वहामि’वर काट मारली, वर ‘ददामि’ लिहिलं आणि तो भिक्षेला गेला. घरात दाणा नव्हता. इकडे एक मुलगा डोक्यावर शिध्याचं गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या पाठीवर वळ होता. बायकोने विचारलं तर म्हणाला, तुमच्या यजमानांनीच मारलं. पंडिताने घरी येऊन हे ऐकलं आणि त्याला आपली काट आठवली.

आपल्याकडे हा ‘वाहणारा’ देव काही परका नाही. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्याने कावडीने पाणी वाहिलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आणि क्रियापद तर आपण रोज वापरतो: काळजी वाहणे. काळजी ‘करणारा’ नुसता बसून करू शकतो, ‘वाहणाऱ्या’च्या खांद्यावर मात्र ओझं असतं. काळजीवाहू सरकार म्हणताना तोच धातू आपल्या तोंडी असतो.

ज्ञानेश्वरीत याच श्लोकावर ‘तेव्हांचि तयांची चिंतवणी । मजचि पडली’ असं आलं आहे. ‘मजचि पडली’! आपण ‘तुला काय पडलंय’ म्हणतो ना, तेच हे पडणं. पुढे पंख न फुटलेल्या पिलांचा दृष्टांत येतो. पक्षीण त्यांच्याच जिवाने जगते, असं माउली म्हणतात. उद्याचा चारा पिलांना माहीत नसतो, तो तिच्या डोक्यात असतो. या ओवीशी आलो की मी नेहमी थांबतो.

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण काही जण या श्लोकाला चिकटवतात, ते मला पटत नाही. श्लोकात ‘नित्याभियुक्तानाम्’ असा शब्द आहे, म्हणजे सतत जोडलेले, लागून राहिलेले. अभियुक्तही युज्‌पासूनच. खाटल्यावर पडून राहिलेला माणूस त्यात बसत नाही. आणि दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला ‘निर्योगक्षेम’ हो, म्हणजे मिळवण्या-राखण्याचा घोर सोड असं सांगितलं आहे. तिथे जे खाली ठेवायला सांगितलं, तेच इथे ‘मी उचलतो’ असं म्हटलं आहे. ही दोन वचनं जवळजवळ ठेवून वाचा.

आयुर्विमा महामंडळाची १ सप्टेंबर १९५६ ला स्थापना झाली. त्याचं ब्रीद हेच आणि मुंबईतल्या मुख्य कचेरीच्या इमारतीचं नावही ‘योगक्षेम’. ज्योतीभोवती धरलेले दोन हात, आणि खाली हे शब्द. हा क्षेमाचाच अर्थ. माणसांनी तो भार उचलण्यात मला काही वावगं वाटत नाही. कौटिल्यानेही योगक्षेम राज्यव्यवस्थेच्या कामात धरला आहे.

आता पाटी. ‘वहामि’ आणि ‘अहम्’ यांचा संधी होऊन ‘वहाम्यहम्’. तेव्हा ‘व’ला काना नाही. मराठीतल्या ‘वाहतो’मुळे तो हमखास घुसतो, तुमच्याकडेही तसाच घुसला. योगक्षेम इथे कर्म आहे, म्हणून ‘मं’वर अनुस्वार हवा. शेवटच्या ‘म’चा पाय मोडायचा. रंगाऱ्याला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: योगक्षेमं वहाम्यहम्. संस्कृत नको असेल तर आजींचं ‘उद्याचा योगक्षेम तो वाहतो’ हेच पाटीवर घाला. त्यात एकही चूक नाही.