बाईंनी विचारपूस केली तर बिघडलं कुठे?

प्रश्न : मुलगी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बारावी विज्ञान करते. नीटसाठी ऑनलाइन बॅच लावली आहे. तासाला मी शेजारी बसतो, शंकाही मीच टाइप करतो. परवा केमिस्ट्रीच्या बाईंनी तिला तासानंतर थांबवून विचारलं, ‘हल्ली गप्प का असतेस? झोप होते ना?’ शिकवायचं सोडून या चौकशा कशाला? सराव परीक्षेत ७२० पैकी ३१० आहेत. बॅच बदलू का? – एक पालक, सांगली

उत्तर : बदलू नका. ३१० ची मला तूर्त काळजी नाही. काळजी वाटली ती ‘शंकाही मीच टाइप करतो’ याची. अकरावीतला मोल कन्सेप्टच कळलेला नाही, हे वडील शेजारी असताना कोणती मुलगी कबूल करेल? मग तुम्ही टाइप करता ती शंका नेमकी कुणाची?

शिकवणं वेगळं आणि विचारपूस वेगळी, हा तुमचा समज मुळातच चुकीचा आहे. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या शिक्षकालाही मागच्या बाकावरची चुळबुळ जाणवते. ऑनलाइन तासाला कॅमेरे बंद, माइक बंद, समोर नुसती नावं. कोण मागे पडलंय हे विचारल्याशिवाय कळणार कसं? एवढ्या नावांतून तुमची मुलगी गप्प झालीय, हे बाईंनी हेरलं. तुम्ही शेजारी बसून हेरलं नाहीत. एनआयओएसमध्येही शिक्षकांनी तपासायच्या स्वाध्यायांना, म्हणजे टीएमएला, २० टक्के भारांश आहे. ते तिला स्वतः लिहू द्या आणि शेरे वाचू द्या. बाजारात मिळणारी तयार उत्तरं आणून देऊ नका.

एक खबरदारी मात्र रास्त आहे. हे बोलणं क्लासच्या ॲपवर, ठरल्या वेळेत व्हावं. रात्री-अपरात्री खासगी नंबरवर नको. बोलणं होतं हे तुम्हाला माहीत असावं, पण शब्दन्‌शब्द ऐकायची गरज नाही.

मुक्त विद्यालयाची बारावी नीटला चालते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय तेवढे असू द्या.

उद्यापासून तासाला दुसऱ्या खोलीत बसा. बाईंना दोन ओळी लिहा, की तिच्याशी बोलत राहा, आमची हरकत नाही. आणि एवढ्या पत्रात मुलीला काय व्हायचंय, याचा एक शब्द नाही. तिला विचारा. पुढचं पत्र तिनेच लिहिलेलं बरं, आणि तेही तुम्हाला न दाखवता.