नातवाचं वय कोण तपासणार?

प्रश्न : सोसायटीच्या गेटवर दोन मुलं सह्या घेत होती, ‘अ‍ॅप डाउनलोड करण्याआधी वय तपासा’ म्हणून. आधार मागतील या धास्तीनं मी सही टाळली. चुकलं का?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, न वाचता सही केली नाहीत, झकास! अमेरिकेत युटा राज्यानं २०२५ मध्ये असा कायदा केला. वय अ‍ॅप स्टोअरनंच तपासायचं. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. पण फोनच आजोबांचा असेल तर? माझा नातू माझ्या फोनवर ६७ वर्षांचा आहे! ती मुलं परत आली तर विचारा, वयाचा पुरावा कोणता घेणार आणि तो किती दिवस ठेवणार?