मूल नसलेल्या जोडप्याने टाइमशेअर घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वय 38 आणि 36, मूल नाही आणि होऊ द्यायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलेलं, नवरा बडोद्यात मकरपुऱ्याला नोकरीला. अलकापुरीतल्या हॉटेलात जेवणाचं कूपन देऊन बोलावलं आणि 25 वर्षांची हॉलिडे मेंबरशिप, म्हणजेच टाइमशेअर, समोर ठेवली. वर्षाला 7 रात्री, किंमत 4 लाख, हप्त्यांची सोय, शिवाय दरवर्षी साधारण 20,000 मेंटेनन्स. रविवारपर्यंत कळवा म्हणतात. घ्यावी का?

माझं मत आहे, घेऊ नका. कंपनी अगदी प्रामाणिक असली, रिसॉर्ट सुंदर असले, तरीसुद्धा. आम्हालाही मूल नाही. मी बडोद्यातच बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीतले लोक असे करार घेऊन माझ्याकडे येतात. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी हा व्यवहार कशावर उभा आहे ते बघा. आपल्याकडे स्टर्लिंग 1986 पासून आणि क्लब महिंद्रा 1996 पासून आहे, बाकीच्या लहानमोठ्या कंपन्या आल्या-गेल्या. तपशील वेगळे असले तरी गाभा एकच असतो. वर्षातला ठरावीक काळ राहण्याचा हक्क तुम्ही आगाऊ विकत घेता. जागा तुमच्या नावावर होत नाही. आणि हा हक्क कधी वापरणार त्यावर किंमत ठरते. क्लब महिंद्रात सीझनला रंग आहेत: जांभळा सगळ्यात महाग, मग लाल, पांढरा आणि निळा. जांभळा महाग का? कारण शाळांना सुट्ट्या तेव्हा असतात. दिवाळी, नाताळ.

दिवाळीत आपल्या गुजरातचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. बेसतं वरस (दिवाळीचा पाडवा) झालं की लाभपांचमपर्यंत (कार्तिक पंचमी) दुकानं बंद, शाळांना तीन आठवडे सुट्टी, आणि अख्खं राज्य अबू, उदयपूर, दीव, सापुताऱ्याच्या रस्त्याला लागतं. त्या आठवड्यात अबूला खोली मिळणं हीच मोठी गोष्ट असते. दोन मुलांच्या आईबापांना दुसरा पर्याय नसतो, म्हणून ते त्या खात्रीसाठी वर्षानुवर्षं पैसे भरायला तयार होतात, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरही आहे. तुम्हाला ती अडचणच नाही. नोव्हेंबरच्या शेवटी गर्दी ओसरल्यावर, सोमवार ते गुरुवार, तुम्ही दोघे निघू शकता. तेव्हा तीच गावं शांत असतात, हवा जास्त चांगली असते आणि पाच हजारांच्या आत नाश्त्यासकट चांगली खोली मिळते. जी मोकळीक तुमच्याकडे आहे, ती नसलेल्यांसाठी ही मेंबरशिप बनवलेली आहे.

मग स्वस्तातला ऑफ-सीझनचा रंग घ्यावा, असं विक्रेता म्हणेल. पण ऑफ-सीझनला हॉटेलंच स्वस्त असतात, तेव्हा तो हक्क 25 वर्षं आधी विकत घेऊन काय मिळवायचं?

आता हिशेब. 4 लाखांत जीएसटी धरला आहे का, हे पहिलं विचारा. नसेल तर 18 टक्क्यांनी 72,000 वर चढतात. तरी आपण सरळ 4 लाखच धरू. ते 7 टक्क्यांनी एफडीत ठेवले तर वर्षाला 28,000 व्याज येतं. मेंटेनन्स 20,000 आणि त्यावर जीएसटी मिळून 23,600. म्हणजे 7 रात्रींसाठी वर्षाला 51,600, एका रात्रीचे साधारण 7,400. व्याजावर 20 टक्के कर कापला गेला असता असं धरलं तरी रात्रीचे साडेसहा हजार होतात. आणि एफडीतली मुद्दल शेवटी तुमच्या हातात असते, मेंबरशिपची मुद्दल 25 वर्षांनी शून्य होते, हे मी यात धरलेलंच नाही. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. एखाद्या वर्षी जाता आलं नाही आणि रात्री पुढच्या वर्षात ढकलता आल्या नाहीत, तर त्या वर्षाचा मेंटेनन्स भरूनही हाती काही नाही. उलट सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवर जीएसटी फक्त 5 टक्के आहे.

हॉटेलचे भाव वाढतात आणि मेंबरशिपची किंमत आज गोठते, असं ते सांगतील. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असल्यामुळेच पटतं. गोठते ती फक्त सुरुवातीची रक्कम. मेंटेनन्स वाढत राहतो, आणि वर्षाला 7 टक्के वाढला तर दहा वर्षांत दुपटीच्या जवळ जातो. करारात त्या वाढीला वरची मर्यादा लिहिली आहे का, हे शोधा. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच करारांत ती नव्हती किंवा कंपनीच्या मर्जीवर सोडली होती.

खोलीचंही तसंच. स्वयंपाकाची छोटी सोय, बैठकीत सोफा-कम-बेड, लहान मुलांसाठी दिवसभर खेळ आणि कार्यक्रम, हे सगळं कुटुंबासाठी आखलेलं असतं आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांवर सारखा पडतो. माझ्या धाकट्या बहिणीकडे अशी मेंबरशिप आहे आणि तिला ती खरोखर फायद्याची ठरली. दोन मुलं, सासूबाई, हे दोघं. एका अपार्टमेंटमध्ये पाच माणसं, सकाळचा चहा-दूध खोलीत, मे महिन्यातलं बुकिंग कित्येक महिने आधी. त्या पाच माणसांना हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या. पण मोठा दहावीला आला आणि तिचंही गणित सैल व्हायला लागलं.

एक गोष्ट मूल नसलेल्या जोडप्यांच्या बाबतीत फारशी कुणी बोलत नाही. घरात कुणी आजारी पडलं की पहिला फोन आपल्याला येतो. दिराची मुलं शाळेत, नणंदेच्या मुलीची परीक्षा, "तुम्ही दोघं काय, मोकळे आहात" असं म्हणून हॉस्पिटलची पाळी आपल्याकडे येते. आई-वडील, सासू-सासरे सत्तरीत पोचले की हे वाढतच जातं. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, आम्ही ते मनापासून केलं. पण त्यामुळे चार महिने आधी तारीख बांधून ठेवणं आपल्याला जमत नाही, आणि रात्री वाया जातात त्या अशाच वेळी. आपली सुट्टी म्हणजे अचानक मिळालेले तीन-चार दिवस. तेवढ्यात पावसाळ्यात मांडवगड होतं, गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीचं दर्शन होतं, चैत्रात रामपुरा ते तिलकवाडा उत्तरवाहिनी नर्मदा परिक्रमा होते, कोकणात कुणाच्या तरी घरगुती खानावळीत राहणं होतं. अशा ठिकाणी मेंबरशिपचा उपयोग क्वचितच होतो. तुम्हाला कसं फिरायला आवडतं हे प्रश्नात लिहिलेलं नाही. गेल्या काही वर्षांतल्या तुमच्या सहली आठवा आणि त्यातल्या किती आठवडाभर एकाच रिसॉर्टवर राहण्याच्या होत्या, ते बघा.

आता पैशाचं दुसरं अंग, आणि मला यावरच जास्त बोलायचं आहे. मेंबरशिप संपेल तेव्हा तुमचे यजमान 63 चे असतील. तेच 4 लाख 7 टक्के चक्रवाढीने 25 वर्षांत, कर बाजूला ठेवला तर, 21 लाखांच्या पुढे जातात. मुलं आईबापांना सांभाळतातच असं नाही, हे मी बँकेत रोज पाहिलं आहे. तरीही ज्यांना मूल नाही त्यांना म्हातारपणाची तजवीज पूर्णपणे स्वतः करावी लागते. डबा, घरकामाला माणूस, रात्रीची आया, ऑपरेशननंतर महिनाभर कुणीतरी सोबत, हे सगळं पैसे देऊन उभं करायचं असतं. आरोग्य विम्यातून त्यातलं फार थोडं मिळतं.

प्रेझेंटेशनमध्ये अशा जोडप्यांना एक वाक्य हमखास ऐकवतात: "तुम्हाला मूलबाळ नाही, मग पैसे साठवताय कोणासाठी?" हे मला इतक्या जणांनी सांगितलं आहे की ते शिकवून ठेवलेलं असावं असं वाटतं. बाई गप्प होते, नवऱ्याला काहीतरी सिद्ध करायचं असल्यासारखं वाटतं, आणि सही होते. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. तुम्हाला कुणी असं विचारलं असेल तर उत्तर साधं आहे: आमच्यासाठी साठवतोय.

वारसाचा मुद्दाही विचारात घ्या. "पुढच्या पिढीला देता येईल" हे मुलं असलेल्यांना सांगायचं आमिष. तुमच्यात दोघांपैकी एक मागे राहिलं तर मेंटेनन्स त्या एकट्या माणसाला भरावा लागेल, आणि साठीतल्या एकट्या बाईला रिसॉर्टवर सात रात्री जायची इच्छा असेलच असं नाही. भाच्या-पुतण्यांना नॉमिनी केलंत तर त्यांच्या हातात हक्काबरोबर वार्षिक बिलही पडतं. बाहेर पडायची वाट कोणती, थांबवलं तर उरलेल्या वर्षांचे किती पैसे परत मिळतात, हे करारात शोधा. जुन्या मेंबरशिप विकायला काढलेल्यांच्या जाहिराती ऑनलाइन चाळल्या तरी परत काय मिळतं याचा अंदाज येईल.

मूल नसूनही ज्याला हे परवडेल असं जोडपं मला एकाच प्रकारचं दिसतं: दर मे महिन्यात भाचरांना घेऊन जाणारं, ज्यांच्याकडे तो नेम वर्षानुवर्षं चालू आहे. तुम्ही तसे असाल तर वरचा निम्मा हिशेब बदलतो. तरी नव्या मेंबरशिपऐवजी कुणाची जुनी, उरलेल्या वर्षांची, हस्तांतराचे नियम तपासून घ्या.

परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या योजनेपासून मात्र पूर्ण लांब राहा. "वापरलं नाही तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत" असं कुणी म्हणालं की ती सुट्टी राहत नाही, ती ठेव होते. पॅनकार्ड क्लब्जचं प्रकरण आपल्या मराठी घरांत पुष्कळांना ठाऊक आहे. हॉटेलच्या रात्रींच्या नावाखाली लाखो लोकांकडून 7,000 कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली. सेबीने 2014 मध्ये नवीन पैसे घ्यायला मनाई केली आणि 2016 मध्ये परत करण्याचा आदेश दिला. त्यानंतरही लोक वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले.

हप्त्यांबद्दल, माझ्या जुन्या कामामुळे, बजावून सांगते. हप्ता बहुतेक वेळा दुसऱ्या फायनान्स कंपनीचा असतो आणि तो करार स्वतंत्र असतो. रिसॉर्टवर बुकिंग मिळालं नाही म्हणून तुम्ही हप्ता थांबवलात तर सिबिल स्कोअर तुमचा बिघडतो. पुढे घराचं कर्ज घ्यायला गेलात की तो बाहेर येतो. "ऑटो डेबिट" च्या कागदावर त्या टेबलावर सही करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

रविवारची मुदत ही त्यांची आहे, तुमची नाही. फोन आला की एवढंच म्हणा: पूर्ण करार ईमेलने पाठवा, वाचून कळवतो. युरोपात टाइमशेअर घेणाऱ्याला 14 दिवसांत माघार घेण्याचा हक्क कायद्यानेच आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात जेवढे दिवस लिहिले असतील तेवढेच तुमचे. तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन, "दिवाळीत नक्की मिळेल" धरून, कागदावर नसेल तर नाहीच समजा.

टोकन म्हणून काही रक्कम आधीच कार्डाने दिली असेल तर आजच लेखी रद्द करा. ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट, दोन्ही. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे कंपनीचं ऑफिस मुंबईला असलं तरी तुमचं काम बडोद्यात होतं. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. करारात लवादाचं कलम असलं म्हणून घाबरू नका, त्यामुळे ग्राहक आयोगात जाण्याचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

करार हाती आला तर रद्द करण्याचं कलम आणि मेंटेनन्सचं कलम, दोन्ही इथे शब्दशः टाका, नाव-नंबर झाकून. मी वाचून सांगते.