काट्याआधी टेप घे

तू गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर यायला लागलास, छान झालं. पण रोज वजन करून खट्टू होतोस, ते आधी थांबव. पंधरा रुपयांचा शिंप्याचा टेप घे आणि कंबर मोज.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पँट आपण पोटाखाली बांधतो, त्यामुळे सुटलेलं पोट त्यात मोजलंच जात नाही. कुशीत हात लावून शेवटची बरगडी शोध, मग कमरेचं हाड. दोन्हींच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, टेप जमिनीला समांतर धर. पोट आत ओढू नकोस. सहज श्वास सोड आणि तेव्हाचा आकडा वाच. सकाळी, मिसळ खायच्या आधी! महिन्यातून एकदा पुरे.

आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुझी उंची १७० असेल तर ८५च्या आत.

कातडीखालची चरबी चिमटीत येते. खरी काळजी आतड्यांभोवतीच्या चरबीची. तिच्यातली स्निग्धाम्लं (चरबीचे घटक) थेट यकृताकडे जातात, साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, मग साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), रक्तदाब चढतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशा माणसाचं वजन 'नॉर्मल' दिसतं. मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते.

तुझा आकडा रेषेपलीकडे निघाला तर घाबरू नकोस, पण उपाशीपोटीची साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि रक्तदाब याच आठवड्यात तपासून घे. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. आईबाबांचीही कंबर मोज रे.