आजी चिक्कू आहे का?

प्रिय सई,

काल फोनवर आवाज बारीक करून तू विचारलंस, "बाबा, आजी चिक्कू आहे का?" दुधाची पिशवी रिकामी झाली की त्यात पाणी घालून, खळबळून ती तेही पातेल्यात ओतते आणि पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालते, म्हणून. चिक्कू हा शब्द तुला दादानं शिकवलेला दिसतो!

1972 च्या दुष्काळात आजी नवी नवरी होती. आपल्या माण तालुक्यात एरवीही पाऊस बेताचाच, त्या साली तोही नाही. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, म्हणते. तेव्हा हाताला लागलेलं वळण घरात फ्रीज आला तरी सुटलं नाही. मी लहानपणी हसलो की म्हणायची, "त्यात दोन घोट दूध ऱ्हातं की रं!"

आता तू एक कर. दारात कुणी मागायला आलं की ती पीठ कसं घालते ते बघ. तेव्हा हात आखडत नाही. तिची कंजुषी स्वतःच्या लुगड्यापुरती.

तुझे आजोबा साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमध्ये शिकले, सकाळी बागेत राबून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते 1924 मध्ये सुरू केलं. अशा पोरांसाठी गावोगावच्या बायका घरातलं मूठमूठ धान्य बाजूला काढून द्यायच्या. धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आजोबा ताटात शीत ठेवायचे नाहीत, ते त्यामुळेच असणार.

आजीचं सगळंच मला पटतं असं नाही. मुदत संपलेल्या गोळ्या ती डब्यात जपून ठेवते. त्या गुपचूप काढून टाक, शिव्या मी खाईन. आणि खरं सांगू? गेल्या आठवड्यात इथं लीड्सला मी पालकाची न उघडलेली पिशवी कचऱ्यात टाकली. आजीला सांगू नकोस.

रात्री अंगावर घेतेस ती वाकळ आजीनं जुन्या कपड्यांची शिवलीय. कोपऱ्यात एक खाकी चौकोन सापडेल. ती माझी चौथीतली चड्डी.

तुझा,
बाबा