सॅक उघडायची घाई नको

भावा, तुझा चढाईतला जोडीदार जाऊन दोन महिने झाले, त्याची सॅक अजून उघडली नाहीस म्हणालास. राहू दे. माझा जोडीदार गेला तेव्हा मीही त्याच्या बुटाच्या लेसला चिकटलेला लाल चिखल वर्षभर झाडला नव्हता. वेडेपणाच, पण असो.

एक मात्र ऐक. तुझ्या जोडीदाराचा रोप, म्हणजे चढाईचा दोर, आठवण म्हणून ठेव, त्यावर चढू नकोस. जोराचा झटका खाल्लेला रोप वरून धड दिसतो, आतून दगा देतो. नुसता पडून राहिलेला नायलॉनही 10 वर्षांपलीकडे भरवशाचा नाही.

त्याच्या आईकडं जा. चहा घे, ती विचारेल तेवढंच सांग.

डोंगर नंतर. आधी पहाटे जोतिबाला पायी जाऊन ये. जुलैत पन्हाळा-पावनखिंडला आलास तर माझ्या मागं चाल. बोललंच पाहिजे असं काही नाही.