क्यूबन सिगारवरची अमेरिकी बंदी उठेल का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेने क्यूबावर घातलेल्या व्यापारबंदीबद्दल वाचकांनी विचारलेले हे काही प्रश्न. बहुतेकांनी सुरुवात सिगारपासून केली आहे, म्हणून उत्तरेही तिथूनच देतो.

ओबामांनी २०१४ मध्ये क्यूबाशी जुळवून घेतले, तेव्हा आता बंदी जाणार असे वाटले होते. मग अडले कुठे? एखाद्या राष्ट्राध्यक्षाने मनावर घेतले, तर सही करून हे संपवता येईल का? (पुणे)

नाही. आणि याचे कारण १९६२ पेक्षा १९९६ मध्ये अधिक आहे. केनेडींनी फेब्रुवारी १९६२ मध्ये एका जाहीरनाम्याने व्यापार बंद केला. जे राष्ट्राध्यक्षाने लादले, ते पुढच्या राष्ट्राध्यक्षाला मागेही घेता आले असते. पण २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतल्या निर्वासितांच्या एका संघटनेची दोन छोटी विमाने पाडली. चार जण मारले गेले. अमेरिकेत संताप उसळला आणि मार्चमध्ये क्लिंटन यांनी हेल्म्स-बर्टन कायद्यावर सही केली. या कायद्याने बंदीचे सगळे नियम कायद्यातच कायम करून टाकले.

बंदी उठवायच्या अटीही त्यातच आहेत : राजकीय कैद्यांची सुटका, विरोधी पक्षांना मोकळीक, निवडणुकांची हमी, आणि ज्यात फिडेल कास्त्रो किंवा त्यांचे भाऊ राउल नाहीत असे सरकार. फिडेल २०१६ मध्ये गेले, पण बाकीच्या अटी तशाच उभ्या आहेत. त्या पुऱ्या होईपर्यंत बंदी संपवायची तर ते काँग्रेसलाच, म्हणजे अमेरिकी संसदेलाच, करावे लागेल. तिथे फ्लोरिडातल्या क्यूबन वंशाच्या मतदारांचा शब्द जड आहे. २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झालेले मार्को रुबिओ त्याच समाजातून आलेले आहेत.

ओबामांच्या हातात उरल्या होत्या त्या फक्त सवलती. क्यूबातल्या खासगी उत्पादकांचा थोडा माल त्यांनी अमेरिकेत येऊ दिला. त्या वाटेने कॉफी आली, आणि जानेवारी २०१७ मध्ये माराबू नावाच्या काटेरी झुडपाचा कोळसाही आला. तंबाखूला मात्र त्या यादीत जागा मिळाली नाही. प्रवाशांना २०१५ पासून १०० डॉलरपर्यंतची दारू आणि तंबाखू सामानातून आणता येऊ लागली. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वतःच्या वापरापुरती ही मर्यादाही काढली. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने ही सगळी सूट बंद केली. बायडेन यांनी २०२२ मध्ये प्रवास आणि पैसे पाठवण्याचे नियम सैल केले, सिगारला हात लावला नाही.

म्हणून ‘बंदी शिथिल’ अशी बातमी वाचाल तेव्हा आधी पाहा, की ती प्रवाशाच्या बॅगेपुरती आहे की दुकानाच्या फळीपर्यंत पोचणारी. बॅगेची सूट कोणतेही प्रशासन एका नियमाने परत देऊ शकते आणि माझ्या मते ती कधीतरी येईल. दुकानातली विक्री काँग्रेसशिवाय सुरू होणार नाही, आणि ते मला नजीकच्या काळात दिसत नाही. ते व्हावे असे मात्र मला मनापासून वाटते. ज्या सरकारला खाली खेचण्यासाठी ही बंदी होती, ते सरकार सहा दशकांनंतरही टिकून राहिले आणि झळ सोसली ती सामान्य माणसांनी. संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून बंदीविरुद्ध ठराव करत आली आहे. भारतही त्याच बाजूने मत देत आला आहे.

मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहे. भारतातून परतताना दुबईच्या विमानतळावर क्यूबन सिगार घेतले, तर चालतील का? मी अमेरिकी नागरिक नाही. (एडिसन)

चालणार नाहीत. नियम नागरिकत्वावर ठरत नाही. अमेरिकेत राहणारे सगळेच त्यात येतात. माल दुबईत घेतला की मुंबईत, यानेही फरक पडत नाही. तंबाखू क्यूबाची असेल तर ती जप्त होऊ शकते. परदेशात असताना विकत घेऊन तिथेच ओढायला मनाई नाही.

केनेडींनी बंदीच्या आदल्या रात्री स्वतःसाठी हजारभर सिगार मागवले होते, हे खरे का? (नागपूर)

ही हकिकत त्यांचे माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांनीच पुढे सांगितली. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी वॉशिंग्टनमधून ‘पेटिट उपमान’ हे क्यूबन सिगार १,२०० गोळा केले आणि आकडा ऐकल्यावर केनेडींनी सही केली. पुरावा सॅलिंजर यांच्या शब्दांचा आहे, तेवढ्याच भारावर घ्यावा.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू आहे. बंदी उठली तर क्यूबाच्या तंबाखू शेतकऱ्याला काय मिळेल? (निपाणी)

या पत्रांतला हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न, आणि तो निपाणीहून यावा हे साहजिक आहे. तंबाखूचा भाव कोण ठरवतो, यावरून १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तुमच्याकडचे शेतकरी रस्त्यावर बसले होते.

सिगारची सर्वोत्तम तंबाखू क्यूबाच्या पश्चिम टोकाला, पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागात होते. सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस ही तिथली नावाजलेली गावे. जमीन बऱ्याच ठिकाणी छोट्या शेतकऱ्यांची स्वतःची आहे, पण गिऱ्हाईक एकच : सरकार. साधारण नव्वद टक्के पीक सरकारला सरकारी भावाने द्यायचे, उरलेले घरचे. ती पाने कारखान्यात जातात, तिथे कारागीर सिगार वळतात, आणि परदेशातली विक्री ‘हाबानोस’ कंपनी करते. तिचा निम्मा हिस्सा क्यूबा सरकारचा, निम्मा परदेशी गुंतवणूकदारांचा. २०२४ मध्ये तिची उलाढाल ८२.७ कोटी डॉलर होती. त्याच वर्षी क्यूबात खत, डिझेल आणि वीज यांची टंचाई होती.

त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, इयन चक्रीवादळ नेमके याच प्रांतावर आदळले आणि पाने सुकवायची हजारो लाकडी घरे जमीनदोस्त झाली. हे घर नसेल तर पीक हाती येऊनही उपयोग नाही, कारण पाने काठ्यांना टांगून पन्नासेक दिवस सावलीत सुकावी लागतात. घरे बांधायला लाकूड, खिळे, पत्रे लागतात आणि देशात त्यांचाच तुटवडा.

बंदी उठली तर हा माल जवळून, म्हणजे अमेरिकेतून, आणि स्वस्त येईल, बँकांचे व्यवहार सुटतील. हा फायदा शेतापर्यंत पोचेल. पण खरेदीदार एकच राहिला, तर अमेरिकी गिऱ्हाइकाचा चढा भाव हवानातच अडेल. बंदी जावी आणि त्याबरोबर शेतकऱ्याला दुसरा खरेदीदारही मिळावा, असे माझे मत आहे. यातली दुसरी गोष्ट वॉशिंग्टनच्या हातात नाही.

अमेरिकेची बाजारपेठ खुली झाली तर आपल्याकडे भाव वाढतील का? (मुंबई)

वाढतील. हाताने वळलेल्या सिगारची सगळ्यांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच आहे. तिथे वर्षाला चाळीस कोटींहून अधिक असे सिगार आयात होतात, मुख्यतः निकाराग्वा, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि होंडुरासमधून. क्यूबाला आज चीन आणि युरोपची मागणीच पुरी करता येत नाही. पाने आंबवून मुरायला वर्षे लागतात, त्यामुळे उत्पादन एका हंगामात वाढवता येत नाही. शिवाय २०२२ मध्ये हाबानोसने कोहिबा या आपल्या नामांकित ब्रँडचे भाव जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेऊन ठेवले. स्वस्त देश शोधायचे दिवस तेव्हाच संपले.

सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निर्धोक, हा समज सोडून द्यावा. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो.

अमेरिकेत ‘कोहिबा’ आणि ‘मोन्तेक्रिस्तो’ उघड विकले जाताना मी पाहिले आहेत. ते बनावट होते का? (ठाणे)

बनावट नव्हते, पण क्यूबाचेही नव्हते. सप्टेंबर १९६० मध्ये कास्त्रो सरकारने सिगार कारखाने ताब्यात घेतले. मेनेंदेस, सिफुएन्तेस यांच्यासारखी मालक घराणी देश सोडून गेली आणि ब्रँडवरचा हक्क आपलाच, असे सांगत राहिली. अमेरिकेत तो हक्क मानला गेला, पुढे कंपन्यांनी तो विकत घेतला. म्हणून मोन्तेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता या नावांचे अमेरिकेतले मालक वेगळे आणि बाकी जगातले वेगळे. १९९८ च्या एका अमेरिकी कायद्याने जप्त केलेल्या मालमत्तेच्या ट्रेडमार्कवर मूळ मालकाच्या संमतीविना दुसऱ्याने सांगितलेला हक्क मानायला तिथल्या न्यायालयांना मनाईच केली.

कोहिबाची गोष्ट निराळी, कारण ते नाव क्रांतीनंतरचे आहे. कोणाकडून हिसकावलेले नाही. अमेरिकेत जनरल सिगार कंपनीने १९८१ मध्ये त्याची नोंदणी मिळवली. क्यूबाताबाको या क्यूबाच्या सरकारी तंबाखू कंपनीने १९९७ मध्ये ती रद्द करण्याची मागणी केली आणि पंचवीस वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकी ट्रेडमार्क मंडळाने ती मान्य केली. जनरल सिगार लगेच न्यायालयात गेली.

तेव्हा उद्या बंदी उठली तरी हवानाचा मोन्तेक्रिस्तो त्याच नावाने न्यूयॉर्कच्या दुकानात येईल असे समजू नका. बहुधा कंपन्या आपसांत सौदा करतील, किंवा क्यूबाला अमेरिकेपुरती नवी नावे शोधावी लागतील. अमेरिकी कंपन्यांचा डोळा तयार सिगारपेक्षा व्हुएल्ता आबाहोच्या कच्च्या पानांवर असेल, असा माझा अंदाज आहे. ती पाने निकाराग्वात नेऊन, स्वतःच्या मिश्रणात घालून त्यांना जुन्याच नावाने विकता येतील. क्यूबाने या मोहाला बळी पडू नये. वळलेला सिगार विकला तर कारागिराची मजुरीही देशातच राहते.